शब्दचर्चा: पाळकसाहेबांना 'निरोप' द्यावा, 'विदाय' द्यावी, की नुसतं पोचवून यावं?

दांडियाबाजारकर

मंडळी, एका मानपत्रापायी अडकलोय, जरा हात द्या.

फतेगंजात माझे एक जुने मित्र आहेत, मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ). आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीला बडोद्यात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या चर्चमध्ये उपासना गुजरातीतून चालते, पण मराठी घरंही पाचसात आहेत. या महिन्यात जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, चाललेत आणि नवे येताहेत. एकाच रविवारी, एकाच व्यासपीठावर, एक हार जाणाऱ्याला आणि एक येणाऱ्याला. जाणाऱ्या पाळकांच्या बाई सोलापूरकडच्या, म्हणून मराठी घरांनी ठरवलं की मानपत्र मराठीत द्यायचं. नातवाने इंग्रजी मजकूर फोनला भरवला. फोन म्हणाला: 'आमच्या मंत्र्यांचा स्वागत व निरोप समारंभ.'

मित्र म्हणाले, "अहो, मंत्री आले तर बंदोबस्त लागेल. आमच्याकडे खुर्च्याच साठ!"

फोनचाही फारसा दोष नाही. 'मिनिस्टर' हा लॅटिन शब्द, मूळ अर्थ सेवक. सरकारातला सेवक तिथे मिनिस्टर झाला आणि देवळातलाही. आपल्याकडे मात्र मंत्री म्हणजे मसलत देणारा, त्यामुळे हा शब्द चर्चच्या दारातून आत शिरतच नाही. मी 'मंत्री' खोडून 'पाळक' केलं. नातवाने पुन्हा टाइप केलं तर फोनने 'ळ'चा 'ल' केला. 'पालकांना निरोप'. आता ही शाळेतली सभा झाली किंवा खंडेराव मार्केटातली भाजी.

असो. पाळक ठरलं. पुढचा प्रश्न 'निरोप'चा. मित्रांच्या घरातूनच तीन मतं आली. एक म्हणतं निरोप म्हणजे मेसेज, समारंभ कसला? दुसरं म्हणतं सरळ 'विदाय' लिहा, सगळं बडोदं तेच म्हणतं. तिसऱ्याला 'सदिच्छा समारंभ' हवाय. तो मी ऐकला न ऐकल्यासारखा केला.

सुरसागरकाठी

'विदाय समारंभ' लिहा आणि मोकळे व्हा. शाळेत, बँकेत, युनिव्हर्सिटीत, सगळीकडे हेच चालतं. मराठी माणूस बडोद्यात राहून 'विदाय' समजत नाही असं होतंय का?

दांडियाबाजारकर

समजतं हो. पण मित्रांच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, विदाय म्हटलं की डोळ्यांसमोर नवरी येते. पाळकसाहेब पंचावन्नचे आहेत.

ग्वाल्हेरचा

वहिनींशी सहमत. आमच्या बाजूला 'बिदाई' हा शब्द निघाला की बायका पदर शोधतात. शिवाय तिला पैशाचा वास आहे. पाहुणा किंवा जावई निघताना हातावर जे ठेवतात त्यालाही बिदाईच म्हणतात. मूळ अरबी 'विदाअ', 'अलविदा'मधला तोच. मराठीने त्यातून 'बिदागी' घेतली आणि गवय्या-कीर्तनकारांना देऊन टाकली. दरबारी शब्द. तुमच्या गायकवाडांच्या दरबारात कमी बिदागी वाटली गेली नसेल. पाळकांना पाकीट देणार असाल तर त्या पाकिटाला बिदागी म्हणू नका एवढंच, मैफल झाल्यासारखं वाटेल.

वाटसरू

जुन्या मराठीत 'वाटेस लावणे' म्हणजे पाहुण्याला गावाच्या वेशीपर्यंत सोडणे. मानपत्रात 'आम्ही आपल्याला वाटेस लावत आहोत' असं शोभेल. फक्त 'स'चा 'ला' करू नका, आणि 'वाटे'चा 'वाट' तर अजिबात नको.

मूळची नगरची

दादा, तुमच्या मित्रांना सांगा, 'निरोप'बद्दल ख्रिस्ती मराठी माणसाने शंका घ्यावी हे नवल. 'निरोप्या' विसरले का? १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळला जर्मन फादरांनी सुरू केलेलं मासिक. ते कॅथलिक, आम्ही 'ज्ञानोदय' या प्रॉटेस्टंट नियतकालिकाच्या बाजूचे, पण नाव आमच्याही घरात पाठ. निरोप्या म्हणजे निरोप घेऊन येणारा.

दुसरं, आमच्या मराठी बायबलात पौलाच्या पत्रांच्या शेवटी नावांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक नावापुढे 'ह्यांना सलाम सांगा'. माझी आजी ते वाचताना थांबून म्हणायची, "बघ, सगळ्यांना निरोप धाडले." तिच्या लेखी सलाम सांगणं आणि निरोप धाडणं एकच.

आणि निरोप समारंभच हवा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय काढा. पौल मिलेतात इफिसच्या वडिलांना बोलावतो (वडील म्हणजे मंडळीतले जाणते, बाप नव्हे), बोलतो, सगळे गुडघे टेकतात, त्याच्या गळ्यात पडून रडतात. तो म्हणालेला असतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. मग ते त्याला तारवापर्यंत पोचवायला जातात. हार नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. 'पोचवणे' हा शब्द मला त्यात सगळ्यात जवळचा वाटतो.

दांडियाबाजारकर

ताई, पोचवणे सुरेखच. पण आमच्या आळीत "कुठून आलात?" "पोचवून आलो" असं कुणी म्हटलं की पुढचा माणूस आधी आंघोळीचं विचारतो. छापायला धजणार नाही.

फतेगंजवाली

मी त्याच बाजूची, आतली. निरोप की विदाय यावर सगळे भांडताहेत. माझं दुखणं वेगळं आहे. मानपत्राच्या मसुद्यात पहिल्याच ओळीत 'आपली बदली झाल्याचे समजले' असं आहे ना? तो शब्द काढा.

बोलताना आम्हीही बदलीच म्हणतो, नाही असं नाही. "साहेबांची बदली आणंदला." पण मेथडिस्टांत बदली होत नाही, नेमणूक होते, आणि ती मुदतीची असते. कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चेसची मोठी सभा, तिच्या शेवटच्या बैठकीत बिशप नेमणुका वाचतात. अमुक सर्किट (एका पाळकाच्या हाताखालची चर्चेस), अमुक पाळक. जो आहे तिथेच राहणार त्याचंही नाव वाचतात. म्हणजे राहणं हीसुद्धा नवी नेमणूकच. लहानपणी आमचे पाळक कॉन्फरन्सहून परतले की आम्ही त्यांच्या नाही, बाईंच्या तोंडाकडे बघायचो. बाई भांडी मोजायला लागल्या की समजायचं.

हे मूळ वेस्लीपासूनचं. मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली स्वतः घोड्यावरून इंग्लंडभर फिरला, एका गावी बूड टेकलं की उपदेश शिळा होतो असं त्याचं मत. उपदेशकांनाही तो फिरता ठेवायचा. आपल्याकडे गुजरातेत आलं ते अमेरिकन मेथडिस्ट मिशन. त्यांच्या चर्चमध्ये १८०४ पासून नियमच होता की एका जागी दोन वर्षांपेक्षा जास्त राहायचं नाही. १८६४ मध्ये ती मुदत तीन वर्षं झाली, १८८८ मध्ये पाच, आणि १९०० मध्ये उठली. मुदत उठली, फिरती नाही उठली. १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्र झालं तरी नेमणुकांची रीत तीच राहिली.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पाळक आमच्या मंडळीचा सभासद नसतो. आमची नावं चर्चच्या नोंदवहीत, त्याचं नाव कॉन्फरन्सच्या. आम्ही 'आमचे पाळक' म्हणतो खरं, पण कागदावर तो कधी आमचा नव्हताच, आमच्याकडे धाडलेला होता.

शब्दांची पेटी

वरचा प्रतिसाद वाचून बसलेलीच उठले. फतेगंजवाली, तुम्ही 'निरोप' शब्दाचाच निकाल लावलात.

'निरोप'चे आज दोन अर्थ आपण वेगळे धरतो, संदेश आणि जाताना घ्यायचा तो. जुन्या मराठीत तिसराही होता आणि तो या दोघांना जोडतो: आज्ञा, परवानगी. 'निरोपणे' म्हणजे सांगणे, 'निरूपण' त्याच घरातलं. थोरामोठ्याने सांगितलं तो त्याचा निरोप, म्हणजे आज्ञा. दुसऱ्याकरवी सांगितला तर संदेश. आणि जायची परवानगी दिली तर तोही निरोपच. म्हणून आपण निरोप *घेतो*, म्हणजे परवानगी घेतो. पोथ्यांतले शिष्य गुरूकडे 'निरोप द्यावा' म्हणतात तेव्हा टाटा करा असं म्हणत नाहीत, जाऊ का असं विचारतात. पेशवाईत निरोपाचे विडे देत तेही तसंच, आता उठलात तरी चालेल.

बडोद्याच्या मराठीत आपण "चला, रजा घेतो" म्हणतो, पुण्याचे हसतात, सुट्टी कशाला घेता म्हणतात. ते गुजरातीवरून आलंय, पण चूक कुठे आहे? रजा अरबी, अर्थ राजीखुशी, संमती. इंग्रजीत 'लीव्ह' घेतात तोही मुळात परवानगीचाच शब्द. तिन्ही भाषांत उंबरठ्यावरचा माणूस विचारूनच निघतो.

आता तुमच्या पाळकांचं बघा. आले कशावर? निरोपावर, बिशपच्या. आणलं काय? निरोपच. चालले कशाने? पुन्हा निरोप आला. मंडळीकडून काय घेणार? निरोप. एवढं सगळं विदायमध्ये बसत नाही.

सुरसागरकाठी

बसत नाही. माझं मत मागे घेतो. पण मग 'स्वागत'चं काय? तिथे कुणी भांडत नाही म्हणून सोडून द्यायचं?

शब्दांची पेटी

स्वागत तसं सोपं. सु आणि आगत, बरं झालं आलात. 'पदग्रहण' नको, खुर्ची बळकावल्यासारखं वाटतं. गुजराती 'आवकार' गोड आहे, मराठीत घेतला तर मला आवडेल, पण सोलापूरच्या बाई अडखळतील. मजा 'रुजू'ची. नवे पाळक रुजू होणार म्हणता ना? तो अरबी 'रुजूअ', अर्थ परतणे, वळणे. जिथे कधी पाऊल ठेवलं नाही तिथेही मराठी माणूस परत येतो.

अवांतर: असल्या कामाला बडोद्यासारखी जागा नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश, शासन शब्दकल्पतरु, १९३१ मध्ये इथेच काढवला. तेव्हाही एका शब्दावर चार भाषांचे पंडित असेच भांडले असणार.

ग्वाल्हेरचा

इंग्रजी 'गुडबाय'सुद्धा 'देव तुमच्यासोबत असो' या वाक्याचा झिजलेला तुकडा आहे. चर्चमध्ये चालायला हवा.

फतेगंजवाली

चालतोच, गाण्यात. इंग्रजी उपासनेत निरोपाच्या वेळी जे गीत म्हणतात ते त्याच वाक्यावर रचलेलं आहे. आमच्याकडे गुजराती भजनसंग्रह उघडतात. मराठी घरं मागच्या बाकावर 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचं पुस्तक घेऊन बसतात आणि आपला नंबर कधी येतो याची वाट बघतात.

दांडियाबाजारकर

रविवार पार पडला. हकिगत देतो, कारण तुम्ही सगळे त्यात आहात.

मसुद्यातून 'बदली' काढली, 'नेमणूक' घातली. शीर्षक 'निरोप आणि स्वागत'. आधी स्वागत घ्यावं असं कुणी म्हणालं, पण घर रिकामं झाल्याशिवाय दुसरा राहणार कुठे? खरंच तसं झालं होतं. नवे पाळक शुक्रवारीच आले आणि पार्सनेजमध्ये, म्हणजे पाळकांच्या घरात, जुन्यांचे खोके, म्हणून दोन रात्री मित्रांच्या दिवाणखान्यात झोपले. शनिवारी दोघे पाळक टेबलाशी बसून चार्ज देत-घेत होते. बाप्तिस्म्याची वही, लग्नांचं रजिस्टर, किल्ल्यांचा जुडगा. एका किल्लीचं कुलूप कुठलं ते दोघांनाही सांगता येईना. ती जुडग्यात तशीच पुढे गेली.

छपाईची गोष्ट सांगू नये, पण सांगतो. छापणारा पोरगा गुजराती, मराठी कधी जुळवलेलं नाही. प्रूफ आलं तर मथळ्यात 'निरोप'च्या 'प'चा 'ध' झालेला, जाड अक्षरांत, खाली गुलाबाची नक्षी. मी चष्मा पुसला. मित्रांनी ते वहिनींच्या हाती पडायच्या आत घडी करून खिशात घातलं. योगशास्त्रात चित्तवृत्तींसाठी तो शब्द फार वरच्या दर्जाचा आहे, पण सरकारने तो पुडक्यावर छापल्याला बरीच वर्षं झाली.

समारंभात शेवटचं वाक्य मी 'शब्दांची पेटी' यांच्याकडून उचललं होतं: 'आपण निरोप घेऊन आलात, आता आमचा निरोप घेऊन जा.' बाईंनी मान वर केली आणि साहेबांना कानात अर्थ सांगितला. नंतर फाटकापाशी टेंपो उभा होता, वर दोरीने बांधलेली सायकल. साहेब म्हणाले, "येतो." सगळ्या बायका एका सुरात, "आवजो, साहेब." एका भाषेत जाणाराच येतो म्हणतो, दुसरीत राहणारा या म्हणतो, जातो मात्र कुणीच म्हणत नाही. मागच्या बाकावरच्या एक आजी माझ्याशेजारी होत्या. म्हणाल्या, "मागले एक असेच येतो म्हणून गेले आणि पाळकांवरचे सुपरिंटेंडंट होऊन आले. मग आमचीच वही तपासली."

फतेगंजवाली

छान लिहिलंत काका. एकच दुरुस्ती: खुर्च्या साठ नव्हत्या, ऐंशी होत्या. वीस शेजारून आणल्या होत्या, त्यातल्या दोन अजून आमच्या पोर्चमध्ये आहेत. ज्यांच्या असतील त्यांना निरोप द्या.