१४ फोनांची मांडणी किनाऱ्यावर कशी टिकवावी? सल्ला हवा

खाडीकाठ (रत्नागिरी):
नमस्कार मंडळी. मिरकरवाडा बंदरापासून हाकेच्या अंतरावर आमचं छोटं काम चालतं. मच्छीमार आणि आंबा बागायतदार वापरतात ती ॲप्स आम्ही खऱ्या फोनांवर तपासून देतो. संगणकातल्या आभासी फोनावर भागत नाही, कारण वापरणाऱ्यांच्या हातात जुने, दोन-तीन जीबी रॅमचे फोन आहेत. त्यातल्या एकावर ‘वाऱ्याचा वेग’ हे ‘वार्याचा वेग’ असं उमटायचं. खरा फोन हातात नसता तर कळलंच नसतं.

सध्या १४ फोन एका फळीवर, दोन यूएसबी हबांना (एका वायरीतून अनेक फोन संगणकाला जोडायची पेटी) जोडलेले, चोवीस तास चार्जिंगवर. परवा एकाची पाठ उचललेली दिसली, कडेने नख आत जाईल एवढी फट. शिवाय रोज दोन-तीन फोन एडीबीच्या (संगणकावरून अँड्रॉइड फोन हाताळायचं साधन) यादीतून गायब होतात. पाऊस तोंडावर आलाय. सगळा खर्च एकदम झेपणार नाही, तेव्हा आधी काय करू ते सांगा.

सुरंगी (मालवण):
फुगलेला फोन आत्ता बाजूला काढा, बाकीचं नंतर वाचा. दाबून पाठ बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. बंद करून पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा, झाकण घट्ट लावू नका. डबा माजघरात नको. बाहेर, पाऊस लागणार नाही अशा जागी, लाकूडफाट्यापासून लांब. नंतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. भंगारात टाकलात तर तिथे कुणीतरी तो हातोडीने फोडेल.

आता कारण. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: १०० टक्क्यांवर दिवसेंदिवस राहणं आणि उष्णता. तुमच्याकडे दोन्ही आहेत. ज्या फोनात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे तिथे ती आजच लावा, त्याला पैसे पडत नाहीत. जुन्यांना ती नसते. तिथे रात्री हबाची वीज तोडायची, टायमरवालं सॉकेट पुरतं. पोर्टनिहाय वीज बंद करता येणारा हब मिळाला तर फारच छान, पण सगळ्या हबांना ते जमत नाही, घेण्याआधी खात्री करा. पोर्ट बंद झाला की त्या वायरवरचं एडीबीही तुटतं, म्हणून हे कामाच्या वेळेत करू नका.

दुसरं, फोन फळीवर आडवे नकोत. मी स्टीलचं ताटाळं वापरते. खाचांना रबरी नळीचे तुकडे चढवले, दोन फोनांत एक खाच रिकामी, खालून छोटा पंखा. आणि रोज सकाळी प्रत्येक फोनावर ‘एडीबी शेल डम्पसिस बॅटरी’ ही आज्ञा चालवून तापमानाची ओळ वहीत उतरवते. ४१२ दिसलं तर ते ४१.२ अंश. ४०० च्या वर गेलेला फोन मी त्या दिवशी कामाला लावत नाही.

जांभादगड (गुहागर):
फोन गायब होतात त्याचं बघा. १४ फोनांनी प्रत्येकी ५ व्होल्टवर १ ॲम्पिअर ओढला तर ७० वॅट होतात. दोन्ही हबांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर गुणून बेरीज करा, तेवढी भरते का? मग वायरी. लांब, बारीक, स्वस्त वायर चार्ज करते पण डेटा अडखळतो. काहींत डेटाच्या तारा नसतातच.

खाऱ्या हवेचं तर विचारूच नका. खिडकी समुद्राकडे असेल तर हबाच्या पोर्टात तांब्याच्या भांड्यासारखा हिरवा कळंक धरतो. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात काही फोन पोर्टात ओलावा आहे म्हणून चार्जिंगच नाकारतात. तेव्हा फुंकर मारू नका, पंख्यासमोर ठेवा.

फोनाच्या धातूच्या कडेला बोट लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आमच्या आवारात मे महिन्यात जांभा इतका सुकतो की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं.

दर्यावर (देवगड):
फोनांत सिम कुणाच्या नावावर आहेत? आपल्या राज्यात एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्यांची मिळून ९ च सिम ठेवता येतात. कामावरच्या मुलांच्या नावावर सिम घेऊन फोनात टाकू नका. उद्या मुलगा काम सोडून जातो आणि त्याच्या नावाचा नंबर तुमच्या फळीवर चालू राहतो. कुणाच्या नावावर काय आहे ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. दोन फोनांत सिम, बाकी वायफायवर, एवढ्यावर आमचं निभतं.

आणखी एक, मनापासून सांगतो. आमच्या एका चाचणीच्या फोनात बागायतदाराच्या पासबुकाचा खरा फोटो तीन महिने पडून होता. कुणी मुद्दाम ठेवला नव्हता, पण बघितला सगळ्यांनी. तेव्हापासून फक्त बनावट माहिती, आणि काम संपलं की फोन फॅक्टरी रीसेट. एवढे फोन दिसले की कुणीतरी पाच चांदण्यांचे खोटे अभिप्राय टाकून द्या म्हणून विचारायला येतोच. पैसे बरे देतात. घेऊ नका. त्याच अभिप्रायांवर भरवसा ठेवून उद्या एखादा खलाशी हवामानाचं ॲप निवडणार आहे.

खाडीकाठ (रत्नागिरी):
सगळ्यांचे आभार. फुगलेला फोन डब्यात गेला. अडॅप्टर दोन्ही १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचे, म्हणजे ४८ वॅटच, तिथेच मेख होती. मुंग्या येतात, हो. मला वाटायचं घामाच्या हातामुळे. वायरमन उद्या येतोय. सिम पाच आहेत, त्यातली दोन भाच्याच्या नावावर, ती या आठवड्यात बंद करतो. आज सकाळचं सगळ्यात जास्त तापमान ४२७. सुरंगीताई, ताटाळं किती खाचांचं घेतलंत?

सुरंगी (मालवण):
सोळा खाचांची दोन. तेवढी एकाआड एक पुरतात.