'पैशासाठी पळतात' म्हणणाऱ्यांसाठी

रातपाळी
काल स्पष्टवक्ता यांनी लिहिलं, "नर्स-डॉक्टर पैशासाठी परदेशी पळतात, सेवाभाव उरला नाही." खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून हा धागा.

पगार हे कारण आहेच; चारचौघांत सांगायला सोपं, म्हणून ते आधी सांगितलं जातं. दुसरं कारण ड्युटी चार्टवर असतं. रातपाळीला एका नर्सकडे वीस पेशंट धरा. व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, ताप, श्वास) घेऊन लिहायला प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एक फेरी शंभर मिनिटांची. चार तासांनी पुन्हा तीच. मधे अँटिबायोटिक्स: पावडर विरघळवा, ओढा, सावकाश सोडा, नळी फ्लश करा. तेवढ्यात एकाच्या हाताला सलाईनची सूज आली आणि एक ॲडमिशन आली, की गणित कोसळलं. मग आकडे अंदाजाने भरले जातात. सगळ्या वॉर्डाचा श्वसनदर (मिनिटाला किती श्वास) १८ नाहीतर २० दिसला की कुणी मोजलेला नाही हे ओळखावं. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा आधी तोच वाढतो! मेमो मात्र नर्सला, ड्युटी चार्ट बनवणाऱ्याला नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली नऊ युरोपीय देशांचा अभ्यास आला होता. नर्समागे एक पेशंट वाढला, तर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. सेवाभावाने हा आकडा खाली येतो का?

स्पष्टवक्ता
तिकडे काय खुर्चीत बसवून पगार देतात? ब्रिटनमध्ये साडेबारा तासांची शिफ्ट सर्रास असते. तिथल्या नर्सिंग नोंदणीचा क्रमांक (पिन) येईपर्यंत खालचा बँड, म्हणजे खालची पगारश्रेणी. इथे डोळे मिटून आयव्ही लावणाऱ्याला तिथे पुन्हा ट्रेनिंग घेऊन सही मिळेपर्यंत कॅन्युलाला (शिरेत घालायच्या नळीला) हात लावता येत नाही. आयसीयूचा अनुभव घेऊन केअर होममध्ये (वृद्धांच्या निवासात) पोचणारेही आहेत.

आणि मागे राहणाऱ्यांचं काय? दोघी गेल्या की तिसरीकडे वीसाचे तीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये परदेशी आरोग्य कर्मचारी भरतीची आचारसंहिता केली, २०२३ मध्ये ५५ देशांची यादी काढली, की या देशांतून माणसं ओढून नेऊ नका. ते उगाच?

रातपाळी
आचारसंहिता ऐच्छिक आहे, आणि ती देशांसाठी आणि भरती करणाऱ्यांसाठी आहे. जाणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी नाही. वीसाचे तीस होतात हे मात्र खरं. पण मग जागा भरा ना. कॅलिफोर्नियात २००४ पासून प्रमाण कायद्याने ठरलंय: आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, साध्या वॉर्डात आधी सहा, २००५ पासून पाच.

सात बँड
अवांतराबद्दल क्षमस्व, पण जायचं म्हटल्यावर जाता येतं कुठे? ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीला आयईएलटीएस ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषणात ७, लेखनात ६.५. आणि लेखनात काय, तर आलेख आणि निबंध. सलाईनचे थेंब मोजणाऱ्याने पर्यटनाचे फायदे-तोटे का लिहायचे?

बी ग्रेड
मग ओईटी द्या, आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा! लेखनात सी प्लस, बाकी तिन्हीत बी. केस नोट्स देतात, त्यावरून पत्र लिहायचं. ५ मिनिटं वाचन, ४० मिनिटं लेखन, साधारण १८० ते २०० शब्द.

सात बँड
"मग ओईटी द्या" म्हणे. फी बघितलीय का? आणि पत्र सोपं असतं तर लोक त्यातच का अडकतात?

बी ग्रेड
नोट्स जशाच्या तशा उतरवतात म्हणून. पत्र कम्युनिटी नर्सला (घरी जाऊन सेवा देणारीला) असेल तर तिला जखमेचं ड्रेसिंग, टाके काढायची तारीख, घरी कोण आहे हे हवं. लहानपणीचं टॉन्सिलचं ऑपरेशन नको. पत्राचा हेतू पहिल्या परिच्छेदात हवा. तो शेवटी आला की तिथेच गुण जातात. आयईएलटीएसमध्येही निबंधाला आलेखाच्या दुप्पट वजन असतं, तरी लोक आलेखावर अर्धा तास घालवतात. परीक्षेला शिव्या देण्याआधी घड्याळ लावून सराव करा.

सात बँड
शिकवणी नको होती. तक्रार परीक्षेच्या प्रकाराची आहे.

कलम अकरा
भाषेवर भांडताय, आणि करारातलं परतफेडीचं कलम कुणी वाचत नाही. 'भरती मोफत' लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत, दोन-तीन वर्षांच्या आत सोडलं तर विमानभाडं, व्हिसा, ट्रेनिंग सगळ्याचे पैसे आपण परत करायचे. रक्कम महिन्यागणिक कमी होते का, आणि ऑस्की (नोंदणीची प्रात्यक्षिक परीक्षा) नापास झाल्यावरही लागू होते का, हे सहीआधी लेखी घ्या. मूळ सर्टिफिकेटं एजंटकडे ठेवू नका.

स्पष्टवक्ता
एवढं सगळं करून जातात म्हणजे 'पळतात' हा शब्द चुकला, लंगडत जातात म्हणू. श्वसनदराचं मान्य. सेवाभावाचं वाक्य मागे घेत नाही.

रातपाळी
नका घेऊ. फक्त एकदा वीस जणांचे श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. नुसते श्वास.

सात बँड
ते ओईटीचं पत्र डॉक्टरला असेल तरी टॉन्सिल गाळायचं का?

बी ग्रेड
घशाच्या तक्रारीसाठी पाठवत असाल तर ठेवा.