न झालेल्या मृत्यूची गोष्ट आपण का लिहीत नाही?

मांजराकाठ

मंडळी, युवक महोत्सवाच्या एकांकिकांना मी बरीच वर्षं मदत करतोय. लातूर, बीड, धाराशिव, परभणी, कुठल्याही महाविद्यालयाची संहिता उघडा. भेगाळलेली जमीन, सावकार, दोर आणि शेवटी बाईचा हंबरडा. पोरं जीव ओतून करतात, प्रेक्षक रडतात. ते दुःख खोटं नाही. पण पडदा पडल्यावर त्या रडण्याचं पुढं काय होतं, हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही.

सध्या ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’बद्दल वाचतोय. या विचाराची माणसं म्हणतात, मदत करायचीच तर मनाला भिडेल तिथं नको, तेवढ्याच पैशात जास्तीत जास्त जीव वाचतील तिथं करा. आणि लांबचं अनोळखी लेकरू घरच्या लेकराइतकंच मोलाचं धरा. याचं मूळ तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या १९७२ च्या निबंधात सापडतं. तळ्यात लेकरू बुडतंय, तर कपडे चिखलानं भरतील म्हणून तुम्ही काठावर थांबाल का? मग लांब उपाशी मरणाऱ्यासाठी का थांबता? निबंध लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्व बंगालातून भारतात आलेले निर्वासित होते.

त्याच निर्वासितांच्या, पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत १९७१ साली कॉलरा पसरला. सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली, पिंपांना तोट्या बसवल्या आणि रोग्यांच्या आईबापांनाच पेले भरभरून पाजायला सांगितलं. शंभरातले वीस-तीस दगावत होते, तिथं ते प्रमाण चाराच्या खाली आलं. पुढं याच पाण्यानं जगभरात कोट्यवधी लेकरं वाचली. त्या पिंपावर एकही मराठी एकांकिका माझ्या पाहण्यात नाही.

आणि १९७२ तर आपलंच. दुष्काळ म्हटला की आपल्या कथेत मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी येते, सुकडी येते, बाजारात नेलेली बैलजोडी येते. एवढ्या मोठ्या दुष्काळात माणसं किड्यामुंगीसारखी मेली नाहीत, ती का, हे मात्र येत नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणीतरी रोज उन्हात बसून हजेरीपटावर नावं चढवत होतं, खडीच्या ढिगाला टेप लावत होतं, पगार वाटत होतं. एक दिवस तो पट कामावर पोचला नसता तर किती चुली विझल्या असत्या? त्या हजेरी कारकुनाची कथा कुठाय?

माझं म्हणणं एवढंच आहे. माणूस कसा मेला हे आपण उत्तम लिहितो. तो कसा वाचला, किती वाचले आणि कशामुळं वाचले, हेही तेवढ्याच ताकदीनं लिहिलं गेलं पाहिजे. आकड्याला बिचकायचं कारण नाही.

खडीफोडीची नात

सर, माझी आजी त्या कामावर होती. अंगठ्याला फडकं गुंडाळून खडी फोडायची. हातोडा निसटला की फडकं लाल व्हायचं, ती उलटं करून पुन्हा बांधायची. तिला ‘५० लाखांतली एक’ म्हणून लिहिलंत तर ती माझी आजी राहत नाही. सरकारी अहवालानं तिला मोजली, ते त्याचं कामच होतं. साहित्याचं काम तिला त्या गर्दीतून बाहेर काढायचं.

आणि परिणामच मोजायचा म्हणता, तर २००७ साली अमेरिकेत छापून आलेला प्रयोग बघा. काही जणांना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दिले, काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती आणि फोटो. रोकियासाठी लोकांनी आकड्यांच्या दुपटीच्या आसपास पैसे दिले. तिच्या माहितीला आकड्यांची जोड दिली, तेव्हा देणगी उलट घटली. तुमच्याच मापानं एका माणसाची गोष्ट जिंकते.

मांजराकाठ

ताई, त्या प्रयोगामुळंच मी अस्वस्थ आहे. रोकियाला फोटो मिळाला. तिच्या शेजारच्या घरातल्या पोरीला मिळाला नाही. मग कुणी जगायचं हे फोटोवर ठरणार का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि सगळा देश धावून आला. यायलाच हवं होतं. पण हगवणीनं एकेक करून जाणाऱ्या लेकरांसाठी कधी असा देश धावला नाही, कारण ती एका रात्रीत गेली नाहीत. कथाकारानं एकच माणूस घ्यावा, माझी ना नाही. पण आपण कायम ढिगाऱ्याखालचाच माणूस का निवडतो?

गोदाकाठ

सर, आमच्या पैठणात याचं उत्तर चारशे वर्षांपासून कीर्तनात सांगतात. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघालेले नाथमहाराज. वाटेत तापलेल्या वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव. नाथांनी कावड त्या मुक्या जिवाच्या तोंडात रिकामी केली. किती गाढवं वाचतील, हे पाणी दुसरीकडं नेलं तर जास्त जीव वाचतील का, असला ताळा त्यांनी मांडला नाही. समोरचा जीव तहानलेला होता, एवढं पुरलं.

तुमच्या विचारात समोरच्याला किंमत उरत नाही, ही माझी खरी भीती आहे. ‘भरपूर कमवा आणि दान करा’ हे तत्त्व मिरवणारा सॅम बँकमन-फ्रीड याच वर्तुळातला. २०२२ मध्ये त्याचा एफटीएक्स हा क्रिप्टोचलनाचा बाजार कोसळला, ग्राहकांच्या पैशांच्या अपहाराबद्दल २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. पुढचं मोठं पुण्य दाखवून आजच्या माणसाचा पैसा वापरायचा, हे कुठल्या कीर्तनात बसतं?

उपकेंद्रवाली

त्या माणसानं चोरी केली, तिचं समर्थन इथं कुणीच करणार नाही. पण नाथांची कथा मला नेमकी उलटी दिसते. गाढव सगळ्याच यात्रेकरूंना दिसलं होतं. बाकीच्यांनी आपापली कावड रामेश्वरासाठी राखली. या पाण्याची सगळ्यात जास्त गरज कुठं आहे, हा प्रश्न एकट्या नाथांनी विचारला. सरांच्या विचाराची माणसं हिशोब म्हणतात तो हाच की!

मी नोकरीभर उपकेंद्रावर नर्स होते, आता निवृत्त आहे. पिंपावर नाटक कसं होणार असं वाटत असेल तर सांगते. लेकराचे डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरली तर हळूहळू बसतेय. मी ओआरएसची, म्हणजे पिंपातल्यासारखंच पाणी करायची पुडी काढते. सासू आडवी येते, “पाणी पाजू नको, आणखी धावतंय त्याला.” सून सासूकडं बघते, मग माझ्याकडं. नवरा म्हणतो, सुई द्या नाहीतर आम्ही शहरात बाटली लावायला नेतो. गाडी दोन तासांनी आहे. त्या दोन तासांत चमच्या-चमच्यानं पाणी पोटात गेलं तर लेकरू राहतं, नाहीतर नाही. वाटीत पाणी, हातात चमचा, आणि सासूचा हात सुनेच्या मनगटावर. याहून मोठा संघर्ष रंगमंचावर कुठला लागतो?

वाचलेल्या लेकरांच्या घरी माझं नाव कुणाच्या ध्यानात नसेल. बाटली लावणारा डॉक्टर तेवढा देव ठरतो. सर म्हणतात ते मी असं बघितलंय.

फडातला पोरगा

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. ताई, तुमचा प्रसंग जबरदस्त आहे, पण मला वेगळीच धास्ती वाटते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. देशभर फोटो झळकले. मांजरा नदीच्या खोऱ्यात इतका ऊस कुणासाठी उभा होता, हे त्या फोटोत नव्हतं. या विचाराची कला असंच करील. किती लिटर पोचलं, किती जण वाचले, हे चोख सांगील आणि पाणी नेलं कुणी, ते सोडून देईल. दान देणाऱ्याला नायक केलं की घेणाऱ्याचा हक्क झाकला जातो.

आकड्याचं मला वावडं नाही. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आमच्या वस्तीतल्या बायांना हे आपापल्या घरात माहीत होतंच. आकडा आला तेव्हा ते प्रत्येकीचं नशीब राहिलं नाही, कुणाला तरी जाब विचारता आला. असा बोट दाखवणारा आकडा असेल तर मी तुमच्यासोबत आहे. पुण्य मोजणारा असेल तर नाही.

मांजराकाठ

यातलं बरंच मला पटतं. पण एक सांगतो. दुष्काळी कामांसाठी मोर्चे निघाले, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. एका कायद्यानं किती वर्षं, किती घरांत चूल पेटली याचा हिशोब मांडला तर मोर्चा हीच सगळ्यात परिणामकारक मदत ठरेल. मोजायचं म्हणजे दानच मोजायचं, असं माझ्या मनात नाही. मोर्चाही मोजू.

खडीफोडीची नात

मोर्चा मोजणार असाल तर निम्मं भांडण मिटलं. निम्मं राहू द्या. जवळच्याची ओढ हा दोष आहे, हे मी कधीच मान्य करणार नाही; आजीनं कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून माझ्या बापासाठी आणली. शेजारच्या लेकराला समान वाटा दिला नाही म्हणून तिला कमी लेखणारं नाटक मला बघायचं नाही.

हजेरी कारकुनाची संहिता मात्र लिहाच. ताईंच्या सासूसारखा कुणीतरी त्यातही आडवा येऊ द्या. आणि त्या माणसाला देवदूत करू नका. पटावर बोगस नावंही चढायची, मापात खडी कमी धरली जायची, बायांना तासन्‌तास पगारासाठी बसवून ठेवलं जायचं. आजी हे सगळं सांगायची आणि तरी म्हणायची, काम निघालं म्हणून जगलो. ही दोन्ही वाक्यं एकाच पात्राच्या तोंडी येणार असतील तर तालमीला मी येते.