शेल्टरमधून कुत्रा घ्यायचाय, पिल्लू आणू की मोठा? (ठाणे)

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. कुत्रा विकत घ्यायचा नाही, शेल्टरमधूनच आणायचा, यावर घरात एकमत झालंय. रविवारी एका शेल्टरला जाऊन आलो. मुलगी आठ वर्षांची, तिला पिल्लूच हवं. पण तिथे एक तपकिरी कुत्री आहे, असेल तीनेक वर्षांची, कानाला कट आहे, बाकीचे सगळे जाळीवर उड्या मारून भुंकत होते आणि ही मागे बसून नुसती बघत होती, मुलीने हात पुढे केल्यावर उठून आली, हुंगलं आणि परत जागेवर जाऊन बसली. मला ती फार आवडली. बायको म्हणते मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही. आई दिवसभर घरी असते पण तिचे गुडघे दुखतात. शिवाय शेल्टरचा फॉर्म भलताच मोठा, घर बघायलाही येणार म्हणे, एवढं कशाला? आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आधी जनरल बॉडीत ठराव पास करा. काय करू?

मनीची आई:
दादा, ती कुत्री घेऊन या. पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं त्यामुळे पिल्लांना घरं मिळतात, साधे देशी मोठे कुत्रे मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतात. पिल्लू म्हणजे रात्री उठणं, दर दोन तासांनी फरशी पुसणं, चपला सोफा काही सोडत नाही, आणि हे सगळं तुमच्या आईंच्या गुडघ्यांवर येणार हो. मोठ्याचा स्वभाव आधीच कळतो, तुम्ही तर तो बघूनच आलायत. लळ्याचं म्हणाल तर माझा काळू मोठा झाल्यावरच आला आणि आता मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसून राहतो. कानाचा कट म्हणजे नसबंदी झालेली आहे, तोच कुत्रा परत पकडून नेऊ नये म्हणून खूण करतात.

सह्याद्री_७:
सोसायटीपुरतं सांगतो. पाळीव कुत्र्यांबद्दल ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या गाईडलाईन्स आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की बहुमताने ठराव केला तरी सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही बंद करू शकत नाही. प्रिंट काढा आणि सेक्रेटरींना शांतपणे द्या, भांडू नका, रोज तोंड बघायचंय. पट्टा लावणं आणि घाण उचलणं आपण चोख केलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो. महापालिकेचं लायसन्सही काढून ठेवा.
फॉर्मचा राग मानू नका. हौसेने नेतात आणि सुट्टीत गावी जायची वेळ आली की परत आणून सोडतात, नाहीतर सरळ हायवेला. पाळलेला प्राणी असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पकडतंय कोण? म्हणून ते आधीच दहा प्रश्न विचारतात, आणि बरोबर करतात.

डॉ_पंजा:
व्हेट आहे म्हणून लिहिते. घरी आणण्याआधी लसीकरणाचं कार्ड मागा, रेबीजची लस आणि सात-इन-वन किंवा नऊ-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) कधी दिली ते बघा. सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या, प्लेटलेट्स कमी असतील तर टिक फिव्हरची टेस्ट सांगतील, गोचिडांमुळे होतो आणि आपल्याकडे फार कॉमन आहे, वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो. पिल्लूच घेणार असाल तर पार्व्होचं (पिल्लांना होणारा पोटाचा जीवघेणा आजार) बघा, आज उड्या मारणारं पिल्लू चार दिवसांनी रक्ताची जुलाब करू शकतं, आणि लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिन्यांचं होईपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही. प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलची ओपीडी आहे.

घोडबंदरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने वाचलं, ती शनिवारी बघायला येतेय. आणली तर पहिले काही दिवस काय सांभाळायचं? आई विचारतेय दूधपोळी चालेल का.

मनीची आई:
दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. शेल्टरमध्ये जे खात होती तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू चिकन-भात. कांदा, मनुका, चॉकलेट अजिबात नको. पहिले तीन दिवस ती कदाचित पलंगाखालून बाहेरच येणार नाही, येऊ देत तिची ती. मुलीला सांगा खाताना आणि झोपलेली असताना हात लावायचा नाही. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेर नेताना कॉलर आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही लावा, कॉलरला तुमचा नंबर लिहिलेला बिल्ला आधीच करून घ्या. एखादा फटाका वाजला तर नवीन कुत्रा मान मागे खेचून कॉलरमधून निसटतो आणि त्याला अजून तुमचं घर कुठलं ते माहीतच नसतं.