फॉग लाइट मंद पडले की थेट बल्ब बदलायचा, ही सवय सोडा

तारयात्री:
स्पष्टच लिहितो. बाहेरून बसवलेले फॉग लाइट मंद वाटले की लोक आधी बल्ब बदलतात, मग जास्त वॅटचा टाकतात आणि तरीही समाधान झालं नाही की एलईडीकडे वळतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतोच, बल्बपर्यंत वीजच पुरेशी पोचत नाही.

हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने घटतो. बॅटरीवर 13.5 व्होल्ट आणि दिव्यापाशी 12 असेल तर दीड व्होल्टचं काय एवढं, असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढ्यात एक तृतीयांश उजेड जातो.

55 वॅटचे दोन दिवे मिळून नऊ अँपिअरच्या वर ओढतात. किटमधली वायर वरून जाडजूड दिसते, सोलून बघा, आत चार केस निघतात. 0.5 चौरस मिमीच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीत एवढ्या करंटला दीड व्होल्टहून जास्त खर्ची पडतो. तीच वायर 2.5 ची घेतली तर 0.3 च्या आसपास. त्यात कोणी पार्किंग लाइटच्या वायरीला जोड मारून सगळा करंट तिथूनच घेतला असेल तर विचारूच नका. त्या वायरीने फक्त रिले (थोड्या करंटवर चालणारा, मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढायचा, म्हणजे ती वायर रिलेच्या 86 नंबरच्या पिनेला. दिव्याची वीज बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला आणि 87 वरून पुढे दिव्याला.

मोजायचं असं: इंजिन चालू, दिवे चालू. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी दिव्याच्या प्लसला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मेले. अर्धा व्होल्ट ओलांडला तर बल्बला हात लावू नका, वायर बघा. मग हेच अर्थच्या, म्हणजे मायनसच्या बाजूला. दिवा बंद ठेवून मोजाल तर करंटच वाहत नाही, सगळं छान दिसेल.

उजेडवाला:
सगळं बरोबर, पण बंपर उतरवून वायरी ओढत कोण बसणार? एलईडी बल्ब घाला, मोकळे व्हा. करंट निम्म्याहून कमी लागतो, म्हणजे त्याच बारीक वायरीत व्होल्टही कमी पडतात. शिवाय आतला ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) व्होल्टेज थोडं खाली गेलं तरी उजेड तोच ठेवतो.

गॅरेजमित्र:
उजेडवाला, इथेच तर गडबड आहे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब फिलामेंट नेमकी कुठे आहे त्यावर असतो. एलईडीत मध्ये धातूची पट्टी आणि दोन बाजूंना चिप. झोत विस्कटतो. भिंतीसमोर गाडी लावून बघा, वरची सरळ कटऑफ रेष (जिथे उजेड संपतो ती) गायब आणि तिच्या जागी धूसर फुगवटा. धुक्यात वर गेलेला उजेड म्हणजे आपल्याच डोळ्यांपुढे पांढरा पडदा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत झगझगाट तो वेगळाच.

दुसरं, दिव्याच्या बंद हाउसिंगमध्ये (कवचात) उष्णता अडकते. बरेच ड्रायव्हर तापले की स्वतःच करंट कमी करतात. चालू केल्याबरोबर लखलखाट, थोड्या वेळाने परत मंद. ही तक्रार घेऊन येणारा माणूस हमखास वायरिंगवर संशय घेतो.

उजेडवाला:
मग नुसता बल्ब नको, स्वतःची लेन्स असलेलं अख्खं एलईडी युनिट लावा. त्यात तुमचा रिफ्लेक्टरचा आक्षेप संपला. हॅलोजन सांभाळत बसण्यात काय हशील आहे?

धुकेकर:
तुम्ही दोघं तिघं ज्याला मंद म्हणताय ते मंद आहे का, हे आधी ठरवा. फॉग लाइटचा झोत रुंद, बुटका आणि जवळचा असतो. काम रस्त्याची कड दाखवण्याचं, लांबचं दाखवण्याचं नाही. कोरड्या रात्री हेडलाइट चालू असताना त्याचा उजेड वेगळा कळतच नाही आणि कळायची गरजही नाही.

पिवळ्या काचेचंही तेच. हॅलोजनवर पिवळा फिल्टर म्हणजे थोडा उजेड गेलाच. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा प्रकाश धुकं जास्त भेदतो हे खरं नाही. डोळ्यांना सौम्य वाटतो म्हणून कोणी लावला तर लावू दे बापडा.

तारयात्री:
धुकेकर, अपेक्षा हा मुद्दा मान्य. पण एकच दिवा दुसऱ्यापेक्षा मंद असेल तर त्याला अपेक्षा कारण नाही, बहुधा अर्थ कारण असतो. दोन्ही सारखेच मंद आणि नारिंगी असतील तर कोणीतरी ते सिरीजमध्ये (एकातून दुसऱ्यात करंट जाईल असे) जोडलेत का तेही बघावं.

नवा चालक:
माझा डावा मंद आहे. प्लसला 0.3, अर्थला 1.1 व्होल्ट. 100 वॅटचा बल्ब टाकून भागेल का?

तारयात्री:
अजिबात नको. दोन मिळून सोळा अँपिअरच्या वर जातील, 15 चा फ्यूज उडू शकतो. आणि कोणी मोठा फ्यूज घातला तर बल्बचा होल्डर वितळू शकतो. डाव्या अर्थचा स्क्रू बघा, रंगावरच कसलेला असणार. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, वायरीच्या टोकाला नवी रिंग दाबून बसवा, वरून ग्रीस लावा. तोवर खात्रीसाठी दिव्याची अर्थ वायर जाड वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला जोडून बघा.

नवा चालक:
बघितलं. डावा लगेच उजव्याच्या बरोबरीला आला. पण खरं सांगू? आता दोन्ही सारखेच मंद वाटताहेत.

धुकेकर:
हेडलाइट बंद करून बघा हो एकदा.

उजेडवाला:
म्हणजे शेवटी युनिटच बदलणार ना!