ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला?

मिरजकर: काल इथे एकाने लिहिलं, 'चौथ्या दिवशी ताप उतरला, लेकीला घरी आणलं. डॉक्टर उगाच घाबरवतात.' वाचून राहवलं नाही. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त दाटतं. शरीर हातापायांच्या वाहिन्या आवळून, नाडी पळवून रक्तदाब धरून ठेवतं. पोर बोलतं, पाणी मागतं. वरचा आकडा ठीक दिसतो, खालचा मात्र चढत त्याच्याजवळ येतो. १००/८० बघून 'नॉर्मल आहे' म्हणालेले मी ऐकलेत. मुलांत या दोन आकड्यांत फरक २० किंवा कमी म्हणजे शॉकच, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होतं. मग शरीराचं बळ सरतं आणि दाब एकदम कोसळतो. माझा भाचा असाच गेला. नऊ वर्षांचा. दुपारी मॅच बघत होता.

आजीचा_बटवा: वाईट वाटलं, दादा. पण म्हणून प्रत्येक पोराला ॲडमिट करायचं? आमच्याकडे तिघांना झाला. पपईच्या पानांचा रस दिला, तिघांच्या प्लेटलेट वाढल्या.

रात्रपाळी: ताई, त्या आजार ओसरताना आपोआप वाढतात. मी वॉर्डात सिस्टर आहे. रात्री दोनला नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारतात. लघवी कधी झाली विचारलं की एकमेकांकडे बघतात.

आजीचा_बटवा: आम्हीच अडाणी का? ४०,००० होत्या तेव्हा पिशवी आणायला डॉक्टरांनीच पिटाळलं. नवरा रक्तपेढीच्या दारात तीन तास उभा होता!

रात्रपाळी: कुठे रक्तस्राव नसेल तर ४०,०००ला पिशवी लागत नाही. चूक तुमची नव्हती, त्यांची होती. हे मी मान्य करते.

पिंपभर_पाणी: आमच्याकडे आठ दिवसांनी नळ येतो. पिंपं भरून ठेवायची नाहीत तर काय करायचं? डेंग्यूचा डास, एडिस, त्यातच वाढतो. यावर कुणी बोलत नाही, धूर मारून जातात.

मिरजकर: पाण्याचं खरं आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा. मी दाखल करा म्हणत नाही, बघत राहा म्हणतोय. पोटात दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार, सहा तास लघवी नाही, पोर मलूल, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी निघा. भाच्याचे पाय गार होते. आम्ही मोजे घातले.

आजीचा_बटवा: रस मी देणारच. पण लघवीची वेळ लिहून ठेवीन, पायही चाचपेन. तेवढं पटलं.