मिसेस हेलने ती शिवण का उसवली?

धावदोरा: अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेलची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (1917) ही कथा काल तिसऱ्यांदा वाचली. आयोवातलं आडबाजूचं शेतघर. नवऱ्याचा रात्री दोरीने गळा आवळलेला, बायको मिनी कोठडीत. शेरीफ आणि सरकारी वकील मिनीविरुद्ध पुरावा शोधत माडी, कोठार पालथं घालतात. शेजारीण मिसेस हेल आणि शेरीफची बायको स्वयंपाकघरात थांबतात. तिथे त्यांना मिनीची अर्धवट गोधडी मिळते. सगळे टाके बारीक, एकसारखे. एकाच तुकड्यावर मात्र वेडेवाकडे, हात थाऱ्यावर नसल्यासारखे. मिसेस हेल ते उसवते आणि नीट घालायला बसते.

मी इथेच अडकते. मोडका पिंजरा, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी, हे खुनाचं कारण सुचवणारं सगळं नंतर सापडतं. मग तिने आधीच पुरावा का पुसला? माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. धाकटा भाऊ तापाने गेला त्या महिन्यातली एक माझ्याकडे आहे. एका कोपऱ्यात टाके इतके सैल की बोट अडकतं. ते उसवावेत असं मला कधी वाटलं नाही, म्हणून विचारते.

जुना वाचक: कथेमागे खरा खटला आहे. 1900 च्या डिसेंबरात आयोवात जॉन होसॅक नावाच्या शेतकऱ्याचा कुऱ्हाडीने खून झाला, आरोप बायकोवर, मार्गारेटवर. ग्लास्पेलने वार्ताहर म्हणून तो खटला पाहिला. मार्गारेटला झालेली शिक्षा पुढे रद्द झाली आणि 1903 च्या फेरखटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. ज्युरीत सगळे पुरुष, कारण बायकांना तिथे बसताच येत नसे. माझ्या मते मिनीनेच नवऱ्याला मारलं हे मिसेस हेलला टाके पाहूनच कळलं होतं. ती शिवणारी बाई आहे.

माजघर: मला ते पुरावा पुसणं वाटतच नाही. घर खळग्यात, रस्ताही दिसत नाही. मूलबाळ नाही, नवरा टेलिफोनही घेऊ देत नाही. लग्नाआधी चर्चमध्ये गाणारी मुलगी तिथे गप्प झाली, आणि मिसेस हेल वर्षभराहून जास्त तिकडे फिरकली नाही. तेच तिला खातंय. शेजारणीने कधीतरी जवळ बसून दोन टाके घालायला हवे होते, ते ती आत्ता घालते. फार उशिरा.

धावदोरा: माजघर, हे मनाला लागलं. मिसेस हेलही घरी पीठ अर्धं चाळून टाकून आलेली असते, हे आता लक्षात आलं. मिनीच्या स्वयंपाकघरात साखर अर्धी भरलेली, टेबल अर्धं पुसलेलं. हातातलं काम कशामुळे सुटतं, हे पुरुषांच्या डोळ्यांना दिसत नाही.

तुमचं वाचून आईची गोधडी काढली. सैल टाक्यांनंतरच्या तीन ओळी आईच्या हातच्या नाहीत. टाके लहान आहेत, जरा डावीकडे कललेले. शेजारच्या काकू डावखुऱ्या होत्या, त्या महिन्यात रोज दुपारी येऊन बसायच्या. इतकी वर्षं मी ती पांघरली आणि हे पाहिलंच नव्हतं.